कस्मिरा माशांचा थवा पाहायला अंदमानात पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

अंदमानची माझी पहिली सहल चारचौघांसारखीच झाली. ग्रुपबरोबर गेलो, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर उभे राहिलो, राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहिला. पॅकेजमध्ये ‘स्कूबा’ होता, म्हणून एके दिवशी भर दुपारी वीस मिनिटं पाण्यातही उतरले. सर्दी झालेली होती आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. कान इतका दुखला की इन्स्ट्रक्टरचा हात आणि माझ्याच तोंडातून निघणारे बुडबुडे यांपलीकडे काही दिसलं नाही. वर आल्यावर शेजारच्या काकू सांगत होत्या, “अगं, पिवळेधमक मासे होते, शेकड्यांनी!” ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी फक्त त्या माशांसाठी गेले. मधल्या वर्षात जे वाचलं, विचारलं, शिकले, ते क्रमाने इथे मांडते आहे. मी सांगलीची, कृष्णेत पोहायला शिकलेली. समुद्राची ओळख पन्नाशीत झाली. त्यामुळे ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं वाटणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावं.

१. आधी मासा ओळखा

या माशाचं शास्त्रीय नाव ल्युटजॅनस कस्मिरा. डायव्हिंगवाले त्याला ‘ब्लू-लाइन स्नॅपर’ किंवा ‘ब्लू-स्ट्राइप स्नॅपर’ म्हणतात. आपल्या बाजारात तांबोशी म्हणून मिळतो त्या माशाचं आणि याचं कूळ एकच. फक्त तांबोशी तांबूस असते आणि हा हळदीसारखा पिवळा. अंगावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे चार लखलखीत निळे पट्टे. पोट पांढुरकं, त्यावर नीट पाहिलं तर राखाडी रंगाच्या बारीक रेघा. लांबी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी जास्त. मोठ्यात मोठा ४० सेंटिमीटरपर्यंत जातो.

फसवणारे नातेवाईक दोन आहेत. एकाला चारच पट्टे असतात, पण पोट स्वच्छ पांढरं, त्यावर रेघा नाहीत. तो बंगालेन्सिस. दुसऱ्याला पाच पट्टे असतात, पोटही पिवळं आणि शेपटीच्या बाजूला अंगावर बहुधा एक काळा ठिपका. तिसरा फसवणारा मासा या कुळातलाच नाही. पिवळ्या पट्ट्याचा गोटफिश याच थव्यात बिनदिक्कत मिसळून राहतो. त्याच्या हनुवटीखाली दोन मिशा असतात, त्या दिसल्या की ओळख पटली. पहिल्या वेळी हे सगळं लक्षात राहणार नाही, राहू नये. चार पट्टे आणि पोटाचा रंग, एवढ्या दोनच गोष्टी मनात ठेवून उतरा.

नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘कस्मिरा’ हे नाव तांबड्या समुद्राकाठच्या अरबी बोलीतून शास्त्रात आलं. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य पीटर फोर्स्कोल हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या अरबस्तान मोहिमेत होता. तो १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापाने गेला. त्याच्या टिपणांमधलं या माशाचं वर्णन १७७५ मध्ये त्याच्या सहकाऱ्याने, कार्स्टन नीबूरने, प्रसिद्ध केलं. त्या मोहिमेतून जिवंत परतलेला हा नीबूर एकटाच. आणि तोच नीबूर १७६३ मध्ये मुंबईत उतरला होता आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची बारकाईने चित्रं काढली होती. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसले की आता मला हा मासा आठवतो.

२. मासा शोधू नका, त्याची जागा शोधा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आहे. पहिल्या सहलीत माझी चूक कानाची होती, हे खरं. पण कान ठीक असता तरीही मासा कुठे असतो हे मला ठाऊक नव्हतं.

कस्मिरा तांबड्या समुद्रापासून आणि पूर्व आफ्रिकेपासून थेट प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत पसरलेला आहे. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव ही सगळी त्याच्याच घराची अंगणं. त्या घरातही त्याच्या खोल्या ठरलेल्या असतात.

लहानपणी तो समुद्री गवतात राहतो. उथळ, शांत पाण्यात वाळूवर हिरव्या गवताचे पट्टे असतात, मधूनमधून प्रवाळाचे छोटे ढिगारे असतात, तिथे बोटभर पिल्लं लपतात. मोठा झाला की प्रवाळाच्या उतारावर, कपारींच्या तोंडाशी, बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यात थवा करून राहतो. तीन मीटर खोलीपासून तो सापडतो आणि काही ठिकाणी अडीचशे मीटरच्याही खाली जातो. आपल्याला दहा ते वीस मीटरचा पट्टा पुरे.

आता त्याची दिनचर्या पाहा. थवा आपल्याला दिसतो तो दिवसा, आणि दिवस ही त्याची विश्रांतीची वेळ आहे. तो हिंडत नाही. एखाद्या मोठ्या खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून, पाण्यात नुसता तरंगत राहतो. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. संध्याकाळ झाली की थवा विस्कटतो आणि जो तो खेकडे, कोळंबी, लहान मासे, माकूळ यांच्या शोधात अंधारात पांगतो. सकाळी पुन्हा सगळे एकत्र.

म्हणजे तुम्हाला हवा आहे तो प्रवाहाच्या तोंडावर उभा असलेला, आडोसा देणारा, कपारी असलेला खडक. सपाट वाळूत किंवा मोडक्या प्रवाळाच्या चुऱ्यात तास घालवला तरी थवा भेटणार नाही. बोटीवर इन्स्ट्रक्टरला ‘मासे दिसतील का?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘इथे स्नॅपरचा थवा कोणत्या खडकापाशी बसतो?’ असं विचारा. रोज त्या पाण्यात उतरणारा माणूस हाताने खडकाचा आकार काढून दाखवतो.

थव्यात राहण्याचं कारणही माहीत असू द्या, म्हणजे पाहताना मजा वेगळी येते. शिकारी माशाला एक भक्ष्य हेरून त्याच्यावर झडप घालावी लागते. शंभर सारखे पट्टे एकाच वेळी हलले की त्याची नजर एकावर ठरत नाही. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक पार्श्वरेषा जाते. शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठलेली लाट तिला कळते. म्हणून सगळा थवा एका क्षणात वळतो आणि कुणी कुणाला धडकत नाही. आमच्या डायव्हमध्ये वरून एक ट्रेव्हॅली मासा गेला तेव्हा सैल तरंगणारा थवा मूठ आवळावी तसा आवळला गेला. तो निघून गेला, मूठ पुन्हा सैल झाली. मी नळीतून श्वास घ्यायचं विसरले होते. तसं करू नका, श्वास अखंड चालू ठेवायचा असतो.

घर म्हणजे फक्त पत्ता नव्हे, हे सांगणारं एक उदाहरण हवाईचं. तिथे हा मासा मुळात नव्हता. खाण्याजोगा मासा वाढावा म्हणून १९५८ मध्ये प्रशांत महासागरातल्याच मार्केसास बेटांवरून सुमारे २,४०० कस्मिरा आणून ओआहू बेटाजवळ सोडले. काही दशकांत ते त्या सबंध द्वीपमालिकेत पसरले. बाजारात त्यांना भाव मिळाला नाही आणि तिथले कोळी आज त्यांच्याकडे उपरा म्हणूनच पाहतात. अंदमानात मात्र तो त्याच्या स्वतःच्या घरी आहे. मला त्याला तिथेच पाहायचं होतं.

३. दिवस ठरवा: ऋतू, आणि मग तिथी

जून ते सप्टेंबर पावसाळा असतो, समुद्र खवळलेला, बोटी रद्द. डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही डिसेंबर ते एप्रिल पाणी शांत आणि नितळ असतं. पाणी २६ ते ३० अंश, म्हणजे थंडीची भीती नाही.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर उघडा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण आम्हा घाटावरच्यांना कुणी सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो आणि पाण्याखाली ओढ जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओढ कमी. नवख्याने भांगेचे दिवस गाठावेत. माझ्या दुसऱ्या सहलीची तारीख मी तिथी पाहून ठरवली तेव्हा घरचे चकित झाले, मुहूर्त काढतेय असं त्यांना वाटलं. पण त्या तीन दिवसांत मला एकदाही खडक धरून थांबावं लागलं नाही.

आणखी एक. अंदमान आपल्या खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. सगळी महत्त्वाची कामं सकाळी उरकायची, बोटीसुद्धा सकाळी लवकरच्या घ्यायच्या.

४. ठिकाण निवडा

विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिथून बोटीने साधारण दोन-अडीच तासांवर हॅवलॉक. २०१८ पासून त्याचं अधिकृत नाव स्वराज द्वीप, आणि शेजारच्या नीलचं शहीद द्वीप. तिकिटावर नवं नाव आणि गाडीवाल्याच्या तोंडी जुनं, असं सर्रास चालतं. दोन्ही लक्षात ठेवा.

डायव्हिंगच्या बहुतेक शाळा हॅवलॉकला आहेत. तिथल्या जागांपैकी मिनर्व्हाज लेज ही कस्मिरासारख्या पट्टेरी स्नॅपरच्या थव्यांसाठी ओळखली जाते. लांबच लांब खडकाळ कट्टा आणि त्याच्या कडेला आडोसा, म्हणजे वर सांगितलेलं घर तंतोतंत. जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकल इथेही मोठे थवे असतात, पण त्या जागा खोल आहेत, प्रवाह असतो. अनुभव नसेल तर तिथला हट्ट धरू नका. नेमो रीफ ही किनाऱ्यालगतची उथळ जागा, पहिल्या धड्यांसाठी.

एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग होतं, गर्दीही तेवढीच. पिल्लं पाहायची तर नीलच्या उथळ पाण्यातलं समुद्री गवत पाहा. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट स्नॉर्केलिंगसाठी सुंदर आहे. ते उद्यान १९८३ पासूनचं. वनखात्याचा परवाना लागतो, सोमवारी बंद असतं आणि प्लास्टिकची पिशवीसुद्धा नेऊ देत नाहीत. बेट हंगामाप्रमाणे बंद-चालू होतं, म्हणून आधी चौकशी करा.

लक्षद्वीपचं काय, असं विचारणारे भेटतात. तिथेही हे मासे आहेत, प्रवाळही देखणं आहे. पण भारतीयांनाही प्रवेश-परवाना काढावा लागतो आणि जागा मोजक्या. पहिल्या वेळी अंदमान सोपं. आणि मालवणला स्कूबा केला असेल तर तो अनुभव इथे कामी येतो, पण त्या पाण्याची आणि या पाण्याची तुलना करू नका. इथे नितळपणा वेगळा आहे.

५. पाण्यात उतरण्याचे तीन मार्ग, त्यातला तुमचा कोणता?

स्नॉर्केलिंग. पृष्ठभागावर तरंगत, तोंडात नळी धरून खाली पाहायचं. स्वस्त, सोपं, मुलांनाही जमतं. पण थवा बहुधा खोल बसलेला असतो, त्यामुळे वरून फक्त पिवळा डाग दिसण्याची शक्यता जास्त.

ट्राय डायव्ह. कोर्स न करता, इन्स्ट्रक्टर सतत धरून नेतो. जास्तीत जास्त १२ मीटर. पोहता न येणाऱ्यांनाही नेतात, वय १० पूर्ण हवं. पॅकेजमधला ‘स्कूबा’ हाच. यात जागा निवडणं तुमच्या हातात नसतं, आणि दिवसाला एकामागून एक गट उतरवणाऱ्या ठिकाणी घाई असते. घ्यायचाच असेल तर विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात सराव देणार का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘गरज नाही’ असं आलं तर तिथून उठा.

ओपन वॉटर कोर्स. तीन ते चार दिवस. थोडा अभ्यास, उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डायव्ह. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं जमायला हवं. पूर्ण झाल्यावर १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं. मी हाच केला. पैसे जास्त लागतात, खोटं कशाला सांगू. पण थव्यासमोर चाळीस मिनिटं शांतपणे थांबता आलं ते यामुळेच. ज्यांना खरोखर मासे पाहायचे आहेत त्यांनी सहलीतली इतर दोन-तीन ठिकाणं गाळावीत आणि तो पैसा-वेळ इथे घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. घरून करायची तयारी

निघण्याच्या दोन महिने आधीपासून तलावात पोहा. वेगाची गरज नाही, दमाची आहे. सावकाश, लांब श्वास सोडायची सवय लावा.

कानाचा सराव घरीच करा. नाक चिमटीत धरायचं आणि तोंड मिटून हलकेच फुंकायचं, कानात ‘टक’ झालं की जमलं. पाण्यात खाली जाताना हे दर मीटरभराला करायचं असतं, आणि दुखायला लागण्याच्या *आधी*. दुखल्यावर जोर लावून फुंकणं हा पडदा फाडून घेण्याचा रस्ता आहे. एक कान उघडला नाही तर इशारा करा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाहीच जमलं तर डायव्ह सोडून द्या. सर्दी असेल तर उतरूच नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर खाली असताना संपला तर वर येताना त्रास होतो.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो. शाळेला आधी कळवा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं, ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं शिकवतात. हा एक धडा मात्र मनापासून घोटून घ्या. पाण्याखालच्या बहुतेक घाबरण्याचं मूळ मास्कमधलं चमचाभर पाणी असतं.

शक्य असेल तर आधी तारकर्लीला जाऊन या. तिथे एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. उपकरणांची ओळख मराठीत झाली की अंदमानात हिंदी-इंग्रजीत सांगितलेलं चटकन समजतं.

७. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- मूळ ओळखपत्र (आधार किंवा मतदार ओळखपत्र) आणि दोन झेरॉक्स. बोटीच्या जेट्टीवर मागतात.
- बोटीची तिकिटं, छापून. बेटांवर मोबाइलचं नेटवर्क बेभरवशाचं.
- वैद्यकीय प्रश्नावली. शाळेकडून आधीच मागवून घ्या. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती तिथे ऐनवेळी मिळणं कठीण. गर्भवती असाल तर डायव्ह करायचाच नाही.
- कोर्स झालेला असेल तर कार्ड आणि लॉगबुक, म्हणजे डायव्हच्या नोंदींची वही.
- १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती.

भारतीयांना हॅवलॉक-नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपली चौकशी आधीच करावी.

सामानात पूर्ण बाह्यांचा घट्ट पोहण्याचा शर्ट घ्या. त्याने ऊन लागत नाही आणि पाण्यात विरघळणारं सनस्क्रीनही चोपडावं लागत नाही. टॉवेल, बोट लागण्यावरची गोळी (निघण्यापूर्वी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे), पाण्याची स्वतःची बाटली, साधी वही. उपकरणं शाळा देते. मास्क तेवढा स्वतःचा घेतला तर उत्तम, कारण चेहऱ्यावर बसणारा मास्क ही अर्धी लढाई आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने आत हवा ओढा. हात सोडल्यावर टिकला तर तो तुमचा.

८. डायव्हच्या दिवशी

सकाळी हलकं खा: पोळी, केळं. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरी हवी.

बोटीवर माहिती सांगतात ती कान देऊन ऐका. इशाऱ्यांमध्ये आपल्या लोकांची एक चूक हमखास होते. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आमच्यासोबतच्या एक ताई आनंदाने अंगठा दाखवत राहिल्या आणि इन्स्ट्रक्टरने त्यांना नियमाप्रमाणे वर नेलं.

उतरताना पाय खाली, डोकं वर. कान उघडत, सावकाश. पाच-सहा मीटरवर तडतड ऐकू यायला लागेल, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. मला वाटलं माझ्याच उपकरणात बिघाड झाला. तो आवाज प्रवाळातल्या पिस्तुली कोळंब्यांचा असतो, त्यांच्या नांग्या झटक्यात मिटताना उठणारा. तो ऐकू आला म्हणजे खाली कपारी आहेत असं समजायला हरकत नाही.

रंगांकडेही लक्ष द्या. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. माझा लाल शर्ट दहा मीटरवर मळकट तपकिरी झाला होता. निळा आणि पिवळा मात्र टिकून राहतात. म्हणूनच कस्मिरा दुरूनही उठून दिसतो.

९. थव्याजवळ जाताना

इथे घाई केलीत तर सगळी मेहनत पाण्यात.

थवा दिसला की आधी थांबा. पाच-सहा मीटरवर, प्रवाळाला कुठेही न टेकता, आडवे तरंगत. फिन्स, म्हणजे पायातले वल्ह्यासारखे पंख, हळू हलवा. श्वास लांब सोडा, बुडबुड्यांचा भडका नको. वरून थव्यावर उतरू नका, कारण शिकारी मासे वरून येतात आणि सावली पडली की थवा फुटतो. कुशीच्या बाजूने, त्यांच्याच पातळीवर या. थेट रोखून जाऊ नका, तिरकं सरका. दोन-तीन मिनिटांत ते तुम्हाला स्वीकारतात. कडेचे मासे जागा करून देतात, मग मधले. माझ्या मास्कपासून हातभर अंतरावर तीनेक मासे होते, त्यांच्या पिवळ्या डोळ्यांमागची गाल-झडप उघड-मीट करताना दिसत होती.

मग मोजायचा प्रयत्न सोडा आणि कडेकडे पाहा. काय दिसतंय? सगळे एकाच आकाराचे आहेत का? मिशावाले गोटफिश किती मिसळलेत? थव्याच्या खाली कपारीत कुणी लपलंय का? आमच्या थव्याखाली एक लायनफिश उलटा लटकला होता आणि तो मला इन्स्ट्रक्टरने दाखवेपर्यंत दिसला नव्हता.

कॅमेरा पहिल्या डायव्हला नेऊ नका. ही विनंती नाही, आग्रह आहे. पडद्याकडे पाहताना खोली, हवा आणि पाय कुठे लागताहेत यांचं भान सुटतं. फोटो इन्स्ट्रक्टर काढतो.

हवेच्या काट्याकडे मात्र दर काही मिनिटांनी पाहा आणि सांगितलेल्या आकड्यावर लगेच इशारा करा. थवा सोडवत नाही, मला ठाऊक आहे.

१०. हे करू नका

- प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका. तो दगड नाही, लक्षावधी जिवांची वसाहत आहे. आणि स्टोनफिश, सागरी साळू, अंगाची आग करणारं फायर कोरल यांचा फटका बसायला एक स्पर्श पुरतो.
- बिस्किटं, पाव टाकून मासे जमवू नका. कुणी बोटवाला तसं करत असेल तर थांबवा. पावाला जमणारा घोळका हा थवा नव्हे.
- किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. विमानतळावर बॅगा तपासतात. ‘मुलाने खेळायला घेतला’ हे कारण चालत नाही.
- मगरींचे इशाराफलक असतील तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

काही ठिकाणी तुम्हाला पांढरं पडलेलं किंवा शेवाळलेलं प्रवाळ दिसेल. पाणी जास्त तापलं की प्रवाळात राहणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात आणि ते पांढरं पडतं. उष्णता टिकली तर मरतं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मेलेलं प्रवाळ काही वर्षं आकार टिकवतं, मग ढासळतं. ढासळलं की कपार जाते, आणि कपार गेली की थवा बसायचा कुठे? मी त्या चुऱ्यावरून पोहत गेले आहे. तिथे एकही पिवळा मासा नव्हता.

११. परतीचा दिवस आधीच बांधून ठेवा

हा सापळा सगळ्यात जास्त लोकांना अडकवतो. शेवटचा डायव्ह आणि विमान यांच्यात किमान १८ तास हवेत, मी तर २४ ठेवते. खाली असताना रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो निघण्याआधी उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेतू शकतं. आदल्या दुपारी डायव्ह आणि पहाटेचं विमान, असा बेत करूच नका.

म्हणून सहल उलटी बांधा. उतरल्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी थेट हॅवलॉक, तिथे आधी डायव्हिंग, आणि सेल्युलर जेल, रॉस बेट हे सगळं शेवटच्या दिवसासाठी. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, कारण वारा फिरला की बोटी रद्द होतात.

आणि वही. बोटीवर परत चढलात, केस पुसलेत की लगेच चार ओळी लिहा: वेळ, खोली, तिथी, प्रवाह कोणत्या बाजूने होता, थवा खडकाच्या कोणत्या अंगाला बसला होता. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘सकाळी ७.५०. १३ मीटर. सप्तमी. ओढ अगदी कमी. कट्ट्याच्या उत्तर टोकाला, ओढीच्या आडोशाला. दोनशे तरी असतील. पोटावर रेघा होत्या.’ दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा उतरले तेव्हा इन्स्ट्रक्टरच्या आधी मीच उत्तर टोकाकडे हात केला.